बजेटचा लॅपटॉप आणि फक्कीचं घर

माझा जुना लॅपटॉप आजारी पडला तेव्हा मी एका बंगल्याचा जिना काढत होते. सातव्या पायरीवर पडदा काळा झाला. मी बटण दाबलं, चार्जर काढून पुन्हा लावला, शेवटी लॅपटॉप उलटा करून त्याच्या पाठीवर दोन हलक्या थापा मारल्या. पाच मिनिटांनी पडदा परत आला, पण जिना सहा पायऱ्यांचाच उरला होता.

सासूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "गेला?"

"अजून नाही. पण जाईल."

"बरा होता गं," त्या म्हणाल्या, शेजारपाजारच्या माणसाबद्दल म्हणावं तसं, आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या.

मी घरांचे नकाशे काढते. डिप्लोमा झाल्यावर पनवेलच्या एका ऑफिसात काही वर्षं होते. मुलगी झाली, रोजचं जाणंयेणं जमेना, म्हणून लोधिवलीजवळच्या आमच्या घरी मागच्या खोलीत टेबल मांडलं आणि तिथूनच कामं घ्यायला लागले. आमच्या खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात मुंबईची माणसं शनिवार-रविवारची घरं बांधतात. त्यांना नकाशा लागतो, आणि नकाशापेक्षा जास्त लागतं ते चित्र. घर बांधून झाल्यावर कसं दिसेल, अंगणात सावली कुठे पडेल, छपराची कौलं कशी दिसतील, ते सगळं दाखवणारं थ्रीडी चित्र. हे चित्र तयार होताना लॅपटॉप बराच वेळ नुसता घुमत राहतो, तेव्हा त्याला हात लावता येत नाही. आमच्या घरात त्याला 'शिजणं' म्हणतात. हा शब्द आत्यांचा. "अजून शिजलं नाय का?" असं त्या स्वयंपाकघरातून विचारतात.

कर्जतच्या दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप उघडून पाहिला आणि म्हणाला, "महिनाभर ओढेल. तोवर नवीन बघून ठेवा."

नवीन बघण्याचं काम माझ्या नवऱ्यानं अंगावर घेतलं. तो खोपोलीला कारखान्यात पाळीवर जातो. एखादी गोष्ट घ्यायची म्हटली की आधी तिचे व्हिडिओ बघायचे, हा त्याचा नेम. मिक्सर घेताना त्यानं इतके व्हिडिओ बघितले होते की शेवटी आत्यांनी तोवर पाट्यावरच चटणी वाटली. आठ दिवसांत तो रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड असं काहीबाही जेवताना बोलायला लागला. मग त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पट्टी लावून एक तक्ता काढला. डावीकडे 'बजेट', उजवीकडे 'प्रोफेशनल'. खाली वजन, बॅटरी, वेग, आवाज, आयुष्य. तक्ता इतका सुबक होता की मला वाटलं, ह्यालाच नकाशे काढायला बसवावं.

"मग? निकाल काय?" मी विचारलं.

"सगळे एकच सांगतात. बहुतेकांना बजेट लॅपटॉप पुरतो. प्रोफेशनल लोकांनीच वरचा घ्यावा."

"मी बहुतेकांत येते का?"

त्यानं तक्त्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "ते व्हिडिओत नव्हतं," तो म्हणाला.

हे सगळं माझे सासरे ऐकत होते. त्यांना मी मामा म्हणते. भातकापणी आणि झोडणी उरकली होती, त्यामुळे त्यांना वेळ होता, आणि वेळ असला की मामांना कुठलीही गोष्ट मुळापासून बघायची असते. ते म्हणाले, "त्या इडिओवाल्यांना हिचं काम ठावं नाय. मलाबी नाय. मी उद्या बसतो हिच्या बाजूला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खरंच माझ्या टेबलाशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी दिवसभर त्या खोलीत काय करते हे घरातलं कुणी असं बसून पाहिलं नव्हतं. मला आधी फार अवघडल्यासारखं झालं. रेघ ओढतानाही ताठ बसून ओढत होते.

"ही भिंत?" मामांनी विचारलं.

"हो. नऊ इंची."

"न् हा दार?"

"हो."

"दार तर हवेवर उघडतं गं. पावसात झोड आत येल."

मी दार फिरवलं. ते त्यांना फार आवडलं. मग त्यांनी माझ्याकडून दोन खिडक्या आणि एक न्हाणीघर फिरवून घेतलं. दहाच्या सुमारास मी चित्र शिजायला लावलं. मामा थोडा वेळ पडद्याकडे बघत बसले. मग उठून गुरांना पेंढा घालून आले. चित्र नव्हतं झालं. दाढी करून आले. नव्हतं झालं. अंगणातल्या शेवग्याची एक मोडकी फांदी तोडून आले, तोवर निम्मं झालं होतं, आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

"आता?"

"आता परत पहिल्यापासून."

"तू बसून राहतेस इतका वेळ?"

"बसून कसली? भाजी चिरते, कपडे वाळत घालते, मुलीला शाळेतून आणते."

मामांनी खुर्ची उचलली. "म्हंजे तू त्याला कामाला नाय लावलंस. त्यानं तुला लावलंय," ते म्हणाले. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं की लॅपटॉप आणायला मी आणि सून जाणार, तक्ता घरीच राहू दे.

मी स्कूटर चालवत होते, मामा मागे. चौक गावावरून कर्जतच्या रस्त्याला लागलो. माझ्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता आणि त्यात मी आजवर काढलेलं सगळ्यांत जड घर: दोन मजले, चारी बाजूंनी कौलं आणि बाग. ते सोबत घ्यायला मामांनीच सांगितलं होतं. कशाला, ते दुकानात कळलं.

दुकानदार तिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलण्यात चटपटीत. त्यानं दोन लॅपटॉप काउंटरवर ठेवले. एक रुपेरी, पातळ, एका हातात मावणारा. दुसरा काळा, जाडजूड, कोपरे चौकोनी. "हा बजेट, हा प्रोफेशनल," तो म्हणाला.

मामांनी दोन्ही आळीपाळीनं उचलून पाहिले. मग म्हणाले, "चालवून दाखव."

दुकानदारानं दोन्ही चालू केले. दोन्हीकडे निळे डोंगर आणि तळं आलं.

"हे नको. हिचा घर चालव त्याच्यावर. पोरी, दे ते."

"काका, असं कोणी करत नाही," दुकानदार म्हणाला.

"भाताचं बी घेतो तेव्हा मी मूठभर भिजवून बघतो, किती उगवतं ते. हे तर त्याच्याहून महाग हाय."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पेनड्राइव्ह पुढे केला. प्रोग्रॅम उतरवून घेण्यात एक चहा गेला. मग दोन्हीकडे एकदम घर शिजायला लावलं. काळ्याचा पंखा असा जोरात सुरू झाला की काउंटरवरची पावती उडाली. पण दुसरा चहा संपायच्या आत त्याच्यावर घर उभं होतं, कौलांच्या सावल्यांसकट. रुपेरी अजून पायरीशीच घुटमळत होता. मामांच्या दृष्टीनं विषय संपला होता. ते म्हणाले, "तू उरकून घे, मी दोडक्याचं बी बघून येतो," आणि शेजारच्या दुकानात गेले.

आता पुढचं सांगताना मला अजून थोडी लाज वाटते.

मामा गेल्यावर दुकानदारानं सहज विचारलं, "मॅडम, तुमचं ऑफिस कुठे?"

"ऑफिस नाही. घरातूनच करते," मी म्हटलं. त्या वाक्यात मी 'च' का घातला, कुणास ठाऊक. आणि वर आणखी म्हणाले, "घरातलं बघून, जमेल तसं."

"मग तुम्हाला एवढा कशाला? कॉलेजच्या मुली हाच नेतात. तो जड आहे, खांदा जाईल तुमचा. प्रोफेशनल लोकांसाठी आहे तो."

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. उलट तो मला महागातलं गळ्यात मारत नव्हता. पैसे मी साठवले होते, काळ्याला पुरतील इतके. पण 'प्रोफेशनल' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पनवेलच्या ऑफिसातले साहेब आले, काचेची केबिन, बूट. त्यात मी कुठेच नव्हते. मी होते ती मागच्या खोलीत, मांडीवर मुलीची वही आणि गॅसवर वरण. मी रुपेरीवर हात ठेवला आणि म्हटलं, "हाच द्या."

मामा बियांची पुडी खिशात घालत परत आले तेव्हा खोकं बांधून तयार होतं. खोक्यावर रुपेरी लॅपटॉपचं चित्र.

"काळा?" त्यांनी विचारलं.

"मामा, मला हा पुरेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दुकानदाराकडे, मग खोक्याकडे. "बरं," म्हणाले. परतीच्या वाटेवर चौकला आल्यावर मागून आवाज आला, "रंग चांगला हाय." बस, तेवढंच.

नवरा खूश झाला. त्याच्या तक्त्यानंही तेच सांगितलं होतं. मीही खूश असल्यासारखी वागले, आणि पहिले काही दिवस खरंच होतेही. बॅटरी दिवसभर टिकायची. पडदा लखलखीत. पिशवीत घालून कुठेही न्यावा. साधे नकाशे त्याच्यावर पटापट व्हायचे.

थ्रीडी चित्र लावलं की मात्र तो दमायचा. बंद पडायचा नाही, पडद्यावर नुसता वाट बघायला लावणारा गोल फिरत राहायचा. मग मी त्याला सांभाळून घ्यायला लागले. एका घराचं चित्र होईना म्हणून मी बागेतली झाडं काढून टाकली. झालं. पुढच्या घराला झाडं आधीच नव्हती, तरी अडलं, म्हणून कौलं काढून छपराला नुसता तांबडा रंग दिला. त्याच्या पुढच्याला खिडक्यांचे गज काढले. महिन्याभरात माझी सगळी घरं एकसारखी दिसायला लागली: उघड्या माळावर ठेवलेली खोकी. मला ते दिसत होतं, पण मी स्वतःला सांगायचे की साधेपणाही चांगला असतो.

एकदा मामा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, "घर कुठलं हे? झाड नाय, माणूस नाय. भूत राहतंय का काय?"

मी हसून वेळ मारून नेली.

मग भिवपुरीचं काम आलं. मुंबईच्या एक डॉक्टरीणबाई, निवृत्तीला आलेल्या. भिवपुरीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी लहानसा प्लॉट घेतला होता. त्यांना आणि त्यांच्या बहिणीला पुढचं आयुष्य तिथे काढायचं होतं. प्लॉटवर एक जुनं आंब्याचं झाड होतं. त्या झाडासाठीच जागा घेतली, असं त्यांनी फोनवर तीनदा सांगितलं. मी नकाशा पाठवला तेव्हा त्यांचा फोन आला.

"हे बघा, मला नकाशा कळत नाही. एक्स-रे दाखवा, लगेच सांगते. नकाशा बघितला की नुसत्या रेघा दिसतात. मला घर दाखवा."

ठरलं की रविवारी सकाळी प्लॉटवरच भेटायचं आणि मी त्यांना चित्र दाखवायचं, पडद्यावर घर फिरवून, आतून-बाहेरून. मी आठवडाभर तयारी केली. म्हणजे काय केलं, तर नेहमीसारखं एकेक काढत गेले. कौलं गेली. ओटीचे खांब गेले. शेवटी आंबा राहिला होता. पानं फार होती त्याला. शनिवारी संध्याकाळी मी तोही काढला.

रविवारी मामा सोबत आले. त्यांना काही कारण लागत नाही. जमीन कुणाचीही असो, बघायला त्यांना आवडते. प्लॉटवर कुंपणाचं काम चालू होतं, दोन मजूर खांब रोवत होते. डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्या, टोपी घातलेली, पायांत बूट, हातात पाण्याची बाटली. घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "दुपारी परत निघायचंय हं मला. दाखवा."

मी स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप ठेवला, डोक्यावरून ओढणी घेऊन पडद्यावर सावली केली आणि चित्र उघडलं. गोल फिरायला लागला. डॉक्टरीणबाई ओढणीत डोकं घालून बघत होत्या. मी म्हटलं, "येईल हं आता." गोल फिरतच होता. "उन्हामुळे तापलाय जरा." "वीज नाही ना इथे, बॅटरीवर हळू चालतो." माझी कारणं संपली तरी गोल फिरतोच आहे. डॉक्टरीणबाई ओढणीतून बाहेर आल्या, बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि एका दगडावर बसल्या. मला वाटलं, ह्या आंब्याखाली जमीन दुभंगावी आणि मी स्कूटरसकट आत जावं.

मामा एव्हाना मजुरांशी गप्पा मारून आले होते. त्यांच्या एका हातात सुतळीचा गुंडा होता, दुसऱ्या हातात फक्कीची पिशवी, म्हणजे कुंपणाची ओळ आखायला आणलेली चुन्याची पांढरी भुकटी.

"पोरी, कागदाचा नकाशा हाय ना तुझ्याजवळ?"

"आहे."

"आकडे सांग मोठ्यानं."

मला कळेना ते काय करणार आहेत, पण उभ्यानं गोलाकडे बघत राहण्यापेक्षा बरं होतं. मी नकाशा उघडून वाचायला लागले. बाहेरची भिंत, तीस फूट. मामांनी आणि एका मजुरानं टेप लावून सुतळी ताणली, दुसरा मागून फक्की सोडत गेला. दार, साडेतीन फूट, तिथे फक्की सोडायची नाही. खिडकीच्या जागी दोन दगड. अर्ध्या तासात गवतावर एक पांढरं घर पडलं, माझंच घर, एकास एक मापाचं.

"या बाई," मामा म्हणाले.

डॉक्टरीणबाई उठून सरळ पुढे आल्या.

"अहो, भिंतीतनं आलात!"

"अरे देवा!" त्या खरोखर दचकून मागे सरल्या, वळसा घालून ओटीवर आल्या आणि दारातून आत शिरल्या. त्यांनी आत आल्यावर टोपीसुद्धा काढली. मग कमरेवर हात ठेवून चहूकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"हा हॉल? एवढा मोठा कशाला? आम्ही दोघीच तर आहोत. आणि स्वयंपाकघर?"

"डावीकडे," मी म्हटलं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. हवेतला गॅस पेटवला, हवेतलं पातेलं उतरवलं, मागे वळल्या. "नाही नाही. माझी बहीणही असते ना स्वयंपाकात. टक्कर होणार आमची. काका, तुम्ही या इथे. तुम्ही माझी बहीण."

मामा बहीण झाले. धोतराचा सोगा सावरून ते सिंकपाशी उभे राहिले आणि भांडी घासल्यासारखं करायला लागले. डॉक्टरीणबाई पातेलं घेऊन वळल्या आणि दोघांची खरोखर टक्कर झाली. कुंपणाचे मजूर पोट धरून हसले. मी हसता हसता नकाशावर लिहिलं: स्वयंपाकघर, दोन फूट वाढवणे, हॉलमधून घेणे.

झोपायच्या खोलीत त्या चक्क गवतावर आडव्या झाल्या. उशाला टोपी. "मी उठले की मला काय दिसणार?" त्यांनी विचारलं. मी खिडकीचे दोन दगड बघितले. त्यांतून फाटक दिसत होतं आणि फाटकापलीकडे त्यांचीच गाडी. डोंगर होता पाठीमागे, भिंतीच्या बाजूला. इतके दिवस मी तो नकाशा बघत होते, पण उताणं झोपून कधी बघितला नव्हता. खिडकी मागच्या भिंतीत गेली.

मग मामा जरा गंभीर झाले. ते घराबाहेर पडून वरच्या बाजूला चालत गेले, खाली वाकले आणि मला हाक मारली. "इकडं ये गं. हे गवत बघ कसं एका अंगाला झोपलंय. दगड बघ, घासून गुळगुळीत. पावसाचं पाणी डोंगरावरनं इथनं उतरतं. तुझा हॉल बरोबर त्याच्या वाटंत हाय."

मी पाहिलं. त्यांचं खरं होतं. मी दोनदा येऊन मापं घेऊन गेले होते, आणि दोन्ही वेळा खाली बघितलं होतं ते फक्त टेप धरण्यापुरतं. मान खाली गेली माझी. पण त्याच वेळी असंही वाटत होतं की आत्ता कळलं ते किती बरं झालं. सगळं घर दहा फूट आंब्याकडे सरकवायचं ठरलं. आम्ही पायांनी फक्की पुसली आणि दुसऱ्यांदा घर आखलं. ह्या वेळी सुतळीचं एक टोक मी धरलं होतं.

दुसऱ्या घराच्या ओटीवर बसून डॉक्टरीणबाईंनी आणलेली सँडविचेस आणि आमच्या डब्यातल्या तांदळाच्या भाकऱ्या आम्ही खात होतो, तेव्हा स्कूटरच्या सीटवरून 'टिंग' असा आवाज आला. चित्र तयार झालं होतं.

मला ते दाखवायचं नव्हतं, पण डॉक्टरीणबाई हात पुसत उठल्याच. त्यांनी पडद्यावरचं ते तांबड्या डोक्याचं खोकं पाहिलं. "हे... आपलंच का?" त्यांनी अदबीनं विचारलं. मग पडद्याच्या जवळ जाऊन: "आणि माझा आंबा?"

मी खरं सांगितलं. "लॅपटॉपला झेपत नव्हता. काढावा लागला."

त्या खो खो हसत सुटल्या. "म्हणजे लॅपटॉपसाठी झाड तोडलंत तुम्ही!"

सगळे हसले, मीही. पण ते वाक्य मला आत कुठेतरी बरोबर लागलं. जाताना त्यांनी गाडीची काच खाली करून सांगितलं, "काम तुमचंच. पण मला चित्र हवं, बहिणीला पाठवायचंय. झाडासकट. महिना लागला तरी चालेल."

परत येताना मामा बराच वेळ स्वतःशीच हसत होते. बहीण झाल्याचं त्यांना बहुधा आठवत होतं. मग म्हणाले, "आज मी होतो. दर टायमाला सुतळी घेऊन तुझ्या मागं येऊ काय मी?"

"नाही, मामा."

"त्या दिवशी दुकानात काय सांगितलंस त्याला?"

"घरातूनच करते म्हणून."

"मग? मीबी शेती घरातनंच करतो. पॉवर टिलर आणला तेव्हा कोणी मला बोललं नाय, काका, घरातनं करता ना, मग ल्हान घ्या."

मी स्कूटर बाजूला घेऊन थांबवली, कारण मला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. दोन्ही एकदम आलं. मामा म्हणाले, "काय झालं? पेट्रोल संपलं?"

पुढच्या आठवड्यात, उरलेल्या पैशांत डॉक्टरीणबाईंनी दिलेली आगाऊ रक्कम घालून, मी एकटी कर्जतला गेले. जाताना सबंध रस्ताभर हेल्मेटच्या आत वाक्य घोकत होते. दुकानदारानं मला ओळखलं. "काय मॅडम, खराब झाला?"

"नाही, तो चांगला आहे. चूक माझी झाली. मी घरांचे नकाशे आणि थ्रीडी चित्रं काढते. दहा वर्षं झाली. तोच माझा धंदा आहे. मला काळा हवाय."

एवढं बोलून मी तयारीत उभी राहिले. तो वाद घालेल, माझं वाक्य पुन्हा म्हणावं लागेल, असं वाटलं होतं. त्यानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि म्हणाला, "नकाशे? त्या दिवशी ते घर तुम्ही काढलं होतं?"

"मग कुणी?"

"मला वाटलं, मिस्टरांचं असेल. अहो मॅडम, दहिवलीला आमच्या घरावर मजला चढवायचाय. एक वर्ष माणूस शोधतोय मी!" काळा विकला गेला होता. नवीन यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत तो दोनदा फोन करून जिना बाहेरून घ्यावा की आतून, हे विचारत होता.

काळा लॅपटॉप आला. तो गुणांचा पुतळा आहे असं मी म्हणणार नाही. वजनानं खांदा खरंच भरून येतो. चार्जर विटेएवढा. वीज गेली की तासाभरात मान टाकतो. पंखा सुरू झाला की आत्या आतून ओरडतात, "गिरण बंद कर गं, मला सिरियल ऐकू येत नाय!" पण त्याच्यावर मी एका दुपारी डॉक्टरीणबाईंचं घर पुरं केलं: कौलं, खांब, गज आणि पानापानासकट आंबा. मामांनी पाहिलं आणि अंगणात बसवायला एक माणूस मागितला, तोही बसवला.

रुपेरी नवऱ्याकडे गेला. कारखान्यातल्या बढतीच्या परीक्षेचा अभ्यास तो त्याच्यावर करतो आणि मधूनमधून व्हिडिओ बघतो. सध्या इन्व्हर्टरचे चालू आहेत. त्याला तो लॅपटॉप अगदी पुरतो. मुलीचे शाळेचे प्रकल्पही त्यावर होतात. बजेट लॅपटॉपला मी कधी नावं ठेवत नाही. त्याला माझ्या टेबलावर आणून बसवलं मीच.

परवा रविवारी दुकानदार आपल्या आईला घेऊन आमच्याकडे मजल्याचं चित्र बघायला आला. आई सत्तरीच्या, पायाला हिसका बसलेला, त्यामुळे त्यांना मी माझ्याच खुर्चीवर बसवलं. घर कसं फिरवायचं ते दाखवल्यावर त्यांनी बोटानं स्वतःच फिरवायला सुरुवात केली. पुढून, मागून, वरून. मुलगा बाल्कनीचं कौतुक सांगत होता. त्यांनी त्याला हातानं गप्प केलं आणि मला विचारलं, "कपडे कुठं वाळत घालू गं?"

मी विसरलेच होते. गच्चीवर दोन खांब घेतले, त्यांच्यामध्ये दोरी बांधली, दोरीवर एक साडी टाकली. त्या पुढे वाकून निरखत होत्या.

"हिरवी नको," त्या म्हणाल्या. "जांभळी टाक."